खिळा न मारता

मिरजेत मिशनच्या दवाखान्यामागं
पाण्याच्या टाकीची सावली पडते तेवढंच दुकान.
दुकान म्हणायचं, गल्ला नव्हता.
एक रापी, दोन आऱ्या, लोखंडी तीनपायी,
ट्रकचे मेलेले टायर
आणि सोल्यूशनचा डबा,
ज्याचा वास आजोबांच्या रविवारच्या सदऱ्यालाही यायचा.

शांतवन वायदंडे.
ज्यांच्या पायांना काही कळत नाही
त्यांचे जोडे करायचे ते.
जतहून गंगव्वा यायची.
एसटीत तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही,
ती ऐटीत सांगायची, "दोन शिटा मिळाल्या मला!"
आजोबा जुना पेपर अंथरायचे.
"ठेव पाय."
पेन्सिल बोटांभोवतीनं फिरायची,
बोटं नसतील तिथं
जरा हळू.

खिळा नाही. कधीच नाही.
दोरा, सोल्यूशन, पुन्हा दोरा.
"हिला टोचलं तर ही सांगणार न्हाई,
फरशीवर रगत दिसंल तवा कळायचं."
जोडा झाला की हात आत घालायचे मनगटापर्यंत,
डोळे मिटून
प्रभूची प्रार्थना म्हणायचे, सबंध.
आमेनपर्यंत हात बाहेर नाही.
मला वाटायचं, आशीर्वाद देतायत.
विचारलं तर म्हणाले,
"कसला आशीर्वाद! घड्याळ न्हाई माझ्याकडं.
एवढा येळ हात ठिवला
की आतली बारीक गाठसुदीक घावती."

गुड फ्रायडेला पाळकसाहेब खिळ्यांवर बोलायचे
तेव्हा आजोबांची मान खाली.
आई म्हणायची, बघ, रडतायत.
मी बाकाखालून वाकून बघितलं एकदा,
ते पुढच्या रांगेतल्यांच्या टाचा न्याहाळत होते.

आणि मी शाळेत जायचो
अंगठा तुटलेल्या चपलेला सेफ्टी पिन लावून.
हेही लिहिलं पाहिजे.
"तुला टोचलं तर तू बोंबलशील की,"
म्हणायचे, आणि हसायचे.
मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही,
बरीच वर्षं.

ते गेले तेव्हा देवळात पेटी ठेवली होती.
उपासना अर्ध्यावर आल्यावर मी मागं वळून बघितलं,
शेवटचे चार बाक भरलेले.
कधी आले, कुणाला कळलं नाही.
टायरचे तळ फरशीवर वाजत नाहीत.
गंगव्वा होती. पदरात बोरं बांधून आणलेली.
कुणाला द्यावीत हे तिला सुचेना,
शेवटी तिनं ती माझ्या हातात दिली
आणि मी, खरं सांगतो,
खाण्याआधी थोडा थांबलो.

परवा सांगलीत शुगरच्या डॉक्टरांनी
नायलॉनचा एक धागा काढला.
"डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."
मी डोळे मिटून वाट बघत राहिलो.
बाहेर रिक्षा उलटी येत होती, तिचं पीं पीं ऐकलं,
कंपाउंडरनं कुणाला तरी चहा सांगितला.
मग डॉक्टर म्हणाले, "उघडा.
डावा झाला."

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक ओढली.
पेपरातून कापलेली पावलं, सुतळीनं बांधलेली, शंभर तरी.
कुणाच्या टाचेवर ऊसदराची बातमी,
कुणाच्या चवड्यावर अर्धं लग्न.
प्रत्येकावर जाड पेन्सिलीनं नाव, गाव
आणि खाली: लागत नाही.
लागत नाही.
लागत नाही.
तळाशी एक इवलंसं, पाच वर्षांच्या पोराचं.
माप कधी घेतलं मला आठवत नाही.
जोडा झाला नाही, एवढं आठवतं.
त्यावर नाव माझं,
आणि खाली: लागतं.

आता बाहेर पडताना बुटात हात घालतो.
चांगल्या कंपनीचा बूट आहे, महागाचा.
बायको म्हणते, काही पडलंय का आत?
प्रार्थना भाकरीपर्यंत नीट येते,
पुढचं अडखळतं,
कुणाला क्षमा करायची असते तिथं.
मी पुन्हा पहिल्यापासून धरतो.
रिक्षावाला हॉर्न वाजवतो.
हात आतच असतो.